वैशाखात गोळ्या वाट का ओलांडतात?

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका जुन्या वाड्यात वडिलांचे एक स्नेही राहतात. मी त्यांना काका म्हणतो. त्यांच्या आजोबांची दुनळी रायफल त्यांच्याकडे आहे. परवान्यावर नोंदलेली, कित्येक वर्षांत एकदाही न झाडलेली. तिच्याबरोबर एक वही आहे. आजोबा शिवपुरीच्या रानात जाण्याआधी ऐंशी पावलांवर फळी उभी करून दोन्ही नळ्या झाडून बघत आणि निकाल लिहून ठेवत. पौषातल्या पानावर लिहिलंय, "दोन्ही भोकं दोन बोटांत." वैशाखातल्या पानावर लिहिलंय, "उजवीची गोळी डावीकडे, डावीची उजवीकडे. हात स्थिर होता."

काकांनी वही माझ्यापुढे सरकवली. "तू पोरांना भौतिकशास्त्र शिकवतोस ना? मग सांग, हे काय आहे?"

रायफल बिजागरीशी मोडून उघडली. नळ्यांच्या बुडाशी, एरवी झाकल्या जाणाऱ्या सपाट भागावर, बारीक अक्षरं कोरलेली होती: ७५ कॉर्डाइट, ५०० मॅक्स. म्हणजे कॉर्डाइट नावाची ७५ ग्रेन दारू आणि ५०० ग्रेनची गोळी. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम, तेव्हा दारू पाच ग्रॅमच्या आतबाहेर, साखरेच्या एका चमच्याएवढी. ती ३२ ग्रॅमची गोळी सेकंदाला ६५५ मीटर वेगाने फेकते. हे काडतूस ४७० नायट्रो एक्स्प्रेस; ४७० हे नळीच्या व्यासाचं साधारण माप, इंचाच्या हजाराव्या भागांत. हिंदुस्थानात ही मापं रुजली त्याला राजकारणही कारण झालं. १९०७ साली सरकारने इथे ४५० मापावर बंदी घातली, कारण ती काडतुसं बंडखोरांच्या हातातल्या, त्याच मापाच्या मार्टिनी-हेन्री बंदुकांच्या कामी येतील अशी भीती होती. मग शिकारी ४६५, ४७०, ४७५ अशा शेजारच्या मापांकडे वळले.

आता नळ्या. वरून पाहिलं तर त्या समांतर वाटतात, पण तशा नसतात. तोंडाकडे त्या एकमेकींकडे झुकलेल्या असतात. नुसत्या नळ्यांची रेघ पुढे वाढवली, तर ती थोड्याच अंतरावर एकमेकींना छेदेल. असं मुद्दाम करतात, आणि त्याचं कारण हातगाडीत दिसतं. दोन दांड्यांची हातगाडी फक्त उजव्या दांड्याने मागे रेटली की ती सरळ मागे जात नाही, वळते. उजवी नळी उडाली की धक्का रायफलीच्या मध्यरेषेच्या उजवीकडे बसतो. रायफल मागे येते, तोंड वर उचललं जातं आणि उजवीकडे वळतंही. डावी नळी तिला डावीकडे वळवते.

तोवर गोळी निघून गेलेली असेल असं आपल्याला वाटतं. पण ती अजून नळीतच असते! गोळीला नळीच्या तोंडापर्यंत यायला सेकंदाचा साधारण पाचशेवा भाग लागतो. संवेगाचा हिशेब मांडला तर तेवढ्या वेळात पाच किलोची रायफल सुमारे चार मिलिमीटर मागे आलेली असते, आणि थोडीशी फिरलेलीही. कारागीर हे फिरणं आधीच हिशेबात धरून नळ्या आत झुकवतो. फिरणं आणि झुकाव एकमेकांना बरोबर कापतात, तेव्हा दोन्ही गोळ्या शेजारी शेजारी धावतात.

'बरोबर' म्हणजे किती, हे कागदावर निघत नाही. नळ्या कथलाने झाळलेल्या असतात आणि तोंडाशी दोघींमध्ये एक पाचर असते. कारागीर गोळ्या झाडतो, भोकं बघतो, झाळ तापवून सैल करतो, पाचर केसभर सरकवतो, पुन्हा झाळतो, पुन्हा झाडतो. हे तो पुन्हा पुन्हा करतो, तेही एकाच ठरलेल्या काडतुसाने. म्हणून मी म्हणतो की दुनळीत काडतूस हा रायफलीचाच एक सुटा भाग आहे. काडतूस बदललं की रायफल बदलली.

गोळीचा वेग वाढला तर ती नळीतून लवकर सुटते, रायफलीला फिरायला वेळ कमी मिळतो, झुकाव शिल्लक राहतो आणि उजवीची गोळी डावीकडे जाते. वेग घटला तर उलट, गोळ्या फाकतात. आजोबांच्या वैशाखाच्या पानावर नेमकं पहिलं लिहिलंय. उन्हाळ्यात त्यांच्या गोळ्यांचा वेग वाढला होता.

का वाढला? कॉर्डाइटमुळे. एबल आणि ड्यूअर या ब्रिटनमधल्या रसायनशास्त्रज्ञांनी १८८९ साली नायट्रोग्लिसरीन, गनकॉटन (आम्लाने स्फोटक बनवलेला कापूस) आणि व्हॅसलीन यांचा लगदा करून शेवयांसारख्या दोऱ्या पाडल्या, तेच कॉर्डाइट. आपल्याकडे ते १९०४ च्या सुमारास निलगिरीत, अरुवंकाडूला बनू लागलं. या दारूचा एक स्वभाव आहे: ती आधीच गरम असेल तर जास्त झपाट्याने जळते, दाब चढतो, वेग चढतो. कारागिराने पाचर बसवली लंडनच्या थंड हवेत. ग्वाल्हेरचा पौष त्या हवेच्या बराच जवळचा. वैशाखात मात्र इथे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि उन्हात राहिलेलं काडतुसाचं पितळ त्याहून तापतं.

नेम चुकणं हा त्यातला लहान धोका. दाब चढला की पितळी पुंगळी फुगून नळीत घट्ट बसते, आणि मोडून उघडणाऱ्या दुनळीत ती खेचून काढायला फारसा जोर मिळत नाही. समोर वाघ असताना याचा अर्थ काय, ते सांगायला नको. म्हणूनच या पुंगळ्या एवढ्या लांब आणि ऐसपैस ठेवल्या, की भरपूर दारू कमी दाबावर जळावी. आणि म्हणूनच उष्ण प्रदेशांसाठी थोडी कमी दारू भरलेली वेगळी काडतुसं विकली जात.

कारखान्यांनी ही काडतुसं बनवणं थांबवल्यावर परदेशात दुनळीवाले हाताने काडतुसं भरू लागले. कॉर्डाइट मिळेना, नवी दारू वेगळ्या गतीने जळणारी. ७५ ग्रेनच्या जागी नवी ७५ ग्रेन टाकणं जीवघेणं ठरू शकतं. त्यांना जुनं वजन नाही, जुना वेग परत मिळवायचा असतो. तो मिळाला की नाही, हे वेग मोजायचं यंत्र सांगतं आणि शेवटी फळीवरची दोन भोकं सांगतात. आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस भरणं गुन्हा आहे, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर वाघाच्या शिकारीचा प्रश्नच उरला नाही. शिवपुरीचं ते रान आता माधव व्याघ्र प्रकल्प आहे.

हे सगळं सांगून झाल्यावर काकांनी वहीची पुढची पानं उलटली. ज्येष्ठातली नोंद सापडली. आजोबांना कॉर्डाइटचं रसायन ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, पण त्यांनी लिहिलं होतं, "काडतुसं रात्रभर माठाच्या घडवंचीखाली ठेवली. पहाटे झाडली. दोन्ही भोकं तीन बोटांत."