गाडी वडिलांची, लायसन्स तुमचं

विमा काढायला येणाऱ्यांचा आमच्याकडे ठरलेला प्रश्न असतो : "गाडी पप्पांच्या नावावर आहे, चालवणार मी. माझं लायसन्स त्या गाडीला जोडून मिळेल का?"

तशी सोयच नाही, आणि गरजही नाही. लायसन्स माणसाला मिळतं. त्यावर वाहनाचा वर्ग असतो, गाडीचा नंबर नसतो. लायसन्सवर एलएमव्ही (हलकं मोटार वाहन) असेल आणि मुदत संपलेली नसेल, तर वडिलांची, बायकोची, आत्याची खासगी कार त्यांच्या संमतीने खुशाल चालवा. उलट, ज्यांनी कधी स्टेअरिंग धरलं नाही अशा आजींच्या नावावरही गाडी असू शकते. 'लिंक करून देतो' म्हणत कोणी पैसे मागितले, तर देऊ नका.

हा घोळ बहुधा मोबाईलमुळे होतो. डिजिलॉकर आधारवरचं नाव आरसीवरच्या (गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावरच्या) नावाशी जुळवतं, म्हणून वडिलांची आरसी मुलाच्या खात्यात येत नाही. वडिलांच्या एम-परिवहन ॲपमधून ती तुमच्या फोनवर शेअर करता येते. ते जमत नसेल तर मूळ कार्ड गाडीत ठेवा, झालं.

आता विमा. खरी मेख इथे आहे.

गाडीचं नुकसान आणि समोरच्याची भरपाई यांचं कव्हर गाडीबरोबर चालतं. पण क्लेम करताना लायसन्स मागतात ते त्या क्षणी गाडी चालवणाऱ्याचं, मालकाचं नव्हे. तुमच्या लायसन्सची मुदत महिन्यापूर्वीच संपली असेल, तर वडिलांचं लायसन्स कितीही चोख असो, क्लेम अडकतो. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याआधी वर्षभर करता येतो. शेवटच्या आठवड्याची वाट कशाला बघायची?

दुसरी गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. पॉलिसीत 15 लाखांचं वैयक्तिक अपघात कव्हर दिसतं ना? ते 'मालक-चालका'चं असतं, म्हणजे गाडी ज्यांच्या नावावर आहे आणि ज्यांच्याकडे लायसन्स आहे त्यांचं. मुलगा चालवत असताना त्याला इजा झाली, तर त्यातून त्याला काही मिळत नाही. त्याचं नाव घालून वेगळं अपघात कव्हर पॉलिसीला जोडता येतं का, ते नूतनीकरणाच्या वेळी जरूर विचारा. जोडण्यासारखं काही असेल तर ते हे! नाहीतर त्याच्या नावाने स्वतंत्र अपघात पॉलिसी घ्या. आजींसारख्या लायसन्स नसलेल्या मालकांना मात्र हे मालक-चालक कव्हर लागूच होत नाही.

ई-चलान आरसीवरच्या मालकाच्या नावाने निघतं, सिग्नल कोणीही तोडलेला असो. म्हणून नोंदवलेला मोबाईल नंबर चालू आहे ना, ते पाहून घ्या. घरात बऱ्याचदा तो जुना, बंद पडलेला नंबर निघतो.

चावी कोणाला देता, याची जबाबदारी मालकावर असते. लायसन्स नसलेल्याला गाडी दिली, तर मालकाला 5,000 रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडला तर 25,000 रुपये दंड, पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, वर्षभर गाडीची नोंदणी रद्द, आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. "सोसायटीतल्या सोसायटीत चालवतो" हे आम्हालाही पुष्कळदा ऐकवलं जातं.

मालकांचं निधन झालं असेल, तर 30 दिवसांत आरटीओला कळवा आणि तीन महिन्यांच्या आत फॉर्म 31 भरून वारसाच्या नावावर नोंद करायला द्या. त्याबरोबरच विमाही बदलून घ्यावा लागतो.

आमच्याकडे येताना आरसी, जुनी पॉलिसी आणि घरात जे जे गाडी चालवतात त्या सगळ्यांची लायसन्स आणा.