घास कापला, पण वाळत का नाही? (मोवर-कंडिशनर नेणाऱ्यांसाठी)

नमस्कार मंडळी. मोवर-कंडिशनर, म्हणजे घास कापता कापताच काडी चेपणारं मशिन, आमच्याकडून भाड्याने नेताना बहुतेक जण एकच विचारतात, साध्या कापणी मशिनपेक्षा ह्याचं भाडं जास्त कशाला? म्हणून हे लिहून ठेवलंय.

निफाड-पिंपळगावच्या द्राक्षवाल्यांना हे समजवावं लागत नाही. बेदाण्यासाठी मणी डिपिंग ऑईल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवतात ते कशाला, तर सालीवरच्या मेणाने आतलं पाणी अडून राहतं म्हणून. मेथीघासाच्या (लसूणघासाच्या) काडीवर पण तसलंच मेण असतं. पाला दुपारपर्यंत कुरकुरीत आणि काडी आतून ओलीच, आपण पाल्याला हात लावून म्हणतो वाळला, आणि तिथंच फसतो. कंडिशनरचे दोन रोलर काडी जागोजागी चेपतात, पाण्याला वाट मिळते, बाकीचं काम ऊन-वाऱ्याचं.

रोलरमधलं अंतर मात्र स्वतः बघा. पहिल्या सीझनला आम्हीच रोलर जास्त आवळले, वाटलं जेवढं दाबू तेवढं लवकर वाळेल, तर पाल्याचा लगदा झाला, काळा पडला, आणि प्रोटीन तर जास्त पाल्यातच, गाईपुढे काय राहिलं तर काड्या! आता थोडं चालवून थांबतो, मूठभर घास उचलून बघतो, दहातल्या नऊ काड्या चेपलेल्या आणि पाला अख्खा असेल तरच पुढे.

दहातल्या एका झाडाला फूल आलं की कापा, जमिनीपासून तीन-चार इंच सोडून, कारण त्या खुंटांवर घास आडवा पडला की खालून वारा खेळतो. सकाळी दव उडालं की सुरू करा, संध्याकाळी नको. कापलेला घास पण श्वास घेतो बरं का, ओलावा 40 टक्क्यांच्या खाली जाईपर्यंत स्वतःची साखर जाळत राहतो, म्हणून पहिल्याच दिवशी भरपूर ऊन मिळायला हवं. मशिनच्या मागचे, घास ओळीत ढकलणारे पत्रे उघडे ठेवा, कापलेल्या रुंदीच्या निदान 70 टक्के जागेत पसरू द्या. चिंचोळी ओळ पाडली तर कंडिशनरचं भाडं पाण्यात गेलं समजा.

रेक (घास पालटून ओळीत ओढायचं अवजार) भर दुपारी फिरवू नका, पाला झडून मातीत जातो. सकाळी दवाची थोडी ओल असताना पालटा.

ताज्या घासात 75-80 टक्के पाणी असतं, गठ्ठे बांधताना 15 ते 18 टक्के पाहिजे. मीटर नसेल तर काडीची साल नखाने खरवडा, सुटून आली तर थांबा. किंवा कोरड्या बरणीत तोडलेला घास आणि चमचाभर कोरडं मीठ घालून दोन-तीन मिनिटं हलवा, मिठाचे गोळे झाले तर अजून ओल आहे. घाईने बांधलात तर बुरशी येते, गठ्ठे आतून तापतात आणि थप्पी आपोआप पेटूही शकते.

नेपियरसाठी (हत्तीघासासाठी) हे मशिन मागू नका, त्याची कुट्टी करून मुरघासच (हवाबंद मुरवलेला ओला चाराच) बरा. पावसाळ्यात घोटी-इगतपुरीकडनं फोन येतात त्यांनाही आम्ही हेच सांगतो, वाळवू नका, मुरघास करा, भाडं बुडालं तरी चालेल. आणि मार्च-एप्रिलच्या अवकाळीत जपून, चेपलेला घास भिजला की त्यातला कस साध्या घासापेक्षा जास्त धुऊन जातो. आभाळ दिसलं तर आदल्या रात्री एक फोन टाका, तारीख पुढे ढकलू, ॲडव्हान्स कापणार नाही.