मुळं कापणं म्हणजे झाड तोडणं का? उचललेल्या फूटपाथची पार्श्वभूमी

फूटपाथच्या दुरुस्तीला माणसं येतात, झाडाजवळचे पेव्हर ब्लॉक पहारीनं उचकटतात आणि खाली मनगटाएवढं मूळ दिसतं. वरची बाजू चपटी, तिच्यावर ब्लॉकच्या कडांचे वळ. ब्लॉक उलटा केला तर त्याचा तळ उन्हाळ्यातही बऱ्याचदा ओलसर लागतो. खालची माती रोलर फिरवून घट्ट केलेली असते, तिच्यात मुळाला ना हवा मिळते ना पाणी. दोन्ही मिळतात ते ब्लॉकच्या लगेच खाली, त्या बोटभर वाळूच्या थरात. म्हणून मूळ तिथूनच जातं. सुरुवातीला ते सुतळीएवढं असतं, कुणाला कळतही नाही. मग दरवर्षी थोडं थोडं जाड होत जातं आणि एक दिवस ब्लॉक चार बोटं वर आलेला दिसतो. मुकादम विचारतो, ‘हे काढायचं ना?’ याचं उत्तर द्यायचा अधिकार नेमका कोणाचा, हा गुंता या सगळ्या विषयाच्या मुळाशी आहे.

जुन्या काळात हा प्रश्न फारसा नव्हता. गावच्या वडा-पिंपळाला दगडी पार असे आणि त्याच्या पलीकडे सगळी मोकळी माती. रस्त्याकडेच्या झाडांना मातीची साईडपट्टी होती. शहरात झाडांच्या आखीव ओळी आल्या त्या आखीव वस्त्यांबरोबर. मुंबईत १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये शहर सुधारणेसाठी न्यास स्थापन झाला आणि पुढे दादर-माटुंग्याला रुंद, झाडांनी भरलेले रस्ते आखले गेले. पर्जन्यवृक्ष मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला, गुलमोहर मादागास्करचा. दोन्ही लवकर वाढणारे, सावली देणारे, म्हणून शहरांनी ते भरभरून लावले. त्यांची मुळं उथळ पसरतात, आणि आपल्या शहरांत त्यांना खोल जायला वावही कमी. मुंबईत भराव टाकलेल्या भागात थोडं खणलं की पाणी लागतं, पुण्यात मुरूम आणि खडक.

खरा बदल झाला तो फरशीमुळे. शहाबादी फरशीच्या सांध्यांतून पाणी मुरत असे आणि एखादी फरशी उचलून परत बसवता येत असे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून पेव्हर ब्लॉक सगळीकडे पसरले. ब्लॉक तसे सुटेच असतात, पण बऱ्याच ठिकाणी त्यांच्याखाली पीसीसी, म्हणजे साध्या काँक्रीटचा थर, आला आणि कडेला कर्ब स्टोन पक्के बसले. ठेकेदाराला पैसे चौरस मीटरवर मिळतात, त्यामुळे बुंध्याभोवती जागा सोडणं म्हणजे तेवढं कमी बिल. पूर्वी झाडाला आळं असायचं, तिथं आता सिमेंट खोडाला जाऊन भिडलं. त्यातच केबलसाठी, पाण्याच्या लाईनसाठी, ड्रेनेजसाठी त्याच फूटपाथमधून वरचेवर चर खणले जाऊ लागले.

आता ‘तोडणं’ या शब्दाकडे येऊ. ‘महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम’ १९७५ चा आहे. त्यात ‘झाड तोडणे’ याची व्याख्या बोलीभाषेतल्या अर्थापेक्षा बरीच मोठी आहे. जाळणं आणि कापणं तर त्यात येतंच, पण झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणंही येतं. म्हणजे खोड उभं असलं तरी कायद्याच्या भाषेत झाड ‘तोडलेलं’ असू शकतं. परवानगीशिवाय तोडणं हा गुन्हा आहे. मग खोडापासून दोन फुटांवरचं मनगटाएवढं मूळ कुऱ्हाडीनं उडवणं हे काय झालं?

रस्त्याची कामं पाहणाऱ्यांचं म्हणणं असं की व्याख्या इतकी ताणली तर शहरात एकही चर खणता येणार नाही. प्रत्येक चरात कुठलं ना कुठलं मूळ लागतंच. फांद्यांच्या छाटणीला परवानगीची ठरलेली रीत आहे, मुळांच्या छाटणीला तशी रुळलेली रीत नाही, आणि नळाची लाईन फुटली असताना अर्ज करून कोण थांबणार? या म्हणण्यात तथ्य आहे. सुतळीएवढी मुळं तुटली म्हणून झाड मरत नाही, ती पुन्हा फुटतात.

पण त्या आडून जाड मुळंही जातात, आणि माझ्या मते व्याख्येतले ‘कोणत्याही प्रकारे’ हे शब्द नेमके त्यासाठीच रुंद आहेत. फांदी तोडली तर रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसते. मूळ तोडलं तर त्यावर संध्याकाळपर्यंत ब्लॉक बसतात आणि पुरावा पुरला जातो. झाड लगेच वाळतही नाही. खोडाजवळची मुळं दोरखंडासारखी झाडाला धरून ठेवतात, ती एका बाजूनं गेली की झाड वरून हिरवंगार राहतं आणि खालून सुटतं. पुढच्या पावसाळ्यात ते कलतं, मग त्याची नोंद ‘धोकादायक’ अशी होते, आणि जीविताला धोका असलेलं झाड काढायला त्याच कायद्यात सोपी वाट आहे. जानेवारीत ज्याला ‘तोडणं’ म्हणायला कोणी तयार नव्हतं, ते जूनमध्ये रीतसर तोडून होतं. दोन्ही कामांची कागदपत्रं वेगवेगळ्या खात्यांत असतात, ती एकमेकांना भेटत नाहीत.

२०२१ च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडांना ‘हेरिटेज ट्री’ ठरवलं आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावण्याची अट घातली. तीवर भरपूर चर्चा झाली. ती चर्चा जवळजवळ सगळी जमिनीच्या वरची होती.

जमिनीच्या खालचा विषय पुढे आला तो दिल्लीतून. एप्रिल २०१३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं (पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या न्यायाधिकरणानं) तिथल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं. त्यानंतर ‘एक मीटर’ हे माप देशभर तोंडी बसलं, आपल्याकडच्या शहरांतही झाडं ‘सिमेंटमुक्त’ करण्याच्या मोहिमा त्याच मापानं निघाल्या. खोडाला श्वास मिळाला, हे चांगलंच झालं. पण एक मीटर हे फार तर आळ्याचं माप आहे, मुळांचं नाही. ब्रिटिश मानकात बांधकामाच्या वेळी जपायच्या मुळांच्या क्षेत्राची त्रिज्या खोडाच्या व्यासाच्या बारा पट धरतात. साठ सेंटिमीटर व्यासाच्या पर्जन्यवृक्षाला ती ७.२ मीटर होते, म्हणजे फूटपाथ संपून रस्त्यात. शिवाय काँक्रीट काढायला ब्रेकर लावला की खालची साल सोलली जाते. मुळं वाचवायच्या मोहिमेतच मुळं जखमी होताना मी पाहिली आहेत.

मे २०२१ च्या तौक्ते वादळात मुंबईत शेकडो झाडं पडली. प्रत्येक झाड कापलेल्या मुळांमुळे पडलं असं म्हणता येणार नाही, वाराच तसा होता. तरी उन्मळलेल्या बुंध्याकडे नीट पाहिलं तर फरक कळतो. वाऱ्यानं तुटलेलं मूळ चिंधीसारखं फाटलेलं असतं आणि आधी कापलेलं मूळ सपाट, काळवंडलेलं. २०२३ पासून मुंबईचे रस्ते मोठ्या प्रमाणावर सिमेंटचे होऊ लागले तेव्हा मुळं तोडल्याच्या तक्रारी पुन्हा आल्या, या वेळी फोटोंसह.

दुरुस्ती करता येते, आणि ती काही नवलाची नाही. ब्लॉक हातानं काढायचे, माती खुरप्यानं सारायची, मूळ पूर्ण उघडं करून पाहायचं. दोन बोटांपेक्षा बारीक असेल आणि खोडापासून लांब असेल तर करवतीनं स्वच्छ कापायचं, जेसीबीनं ओढून फाडायचं नाही. जाड असेल तर ठेवायचं. उघड्या मुळांवर ओलं गोणपाट टाकायचं, काम त्याच दिवशी झाकायचं. मग फूटपाथच वर न्यायचा: मुळावर एकाच मापाची खडी, तिच्यावर कापडी थर, त्यावर पुन्हा सुटे ब्लॉक, आणि दोन्ही बाजूंना लांबट उतार. बारा फुटांत एक फूट, त्याहून तीव्र नको, नाहीतर व्हीलचेअर आणि काठीवाल्या आजी दोघंही अडतात. जिथं तेवढी लांबी नाही तिथं फूटपाथ झाडाला वळसा घालून न्यायचा आणि एका गाडीच्या पार्किंगवर पाणी सोडायचं. पुण्यात जंगली महाराज रस्त्याचा फूटपाथ रुंद केला तेव्हा जुनी झाडं मधोमध ठेवूनच आखणी झाली. परदेशात नव्वदच्या दशकात खडी आणि माती यांचं असं मिश्रण तयार झालं की ज्यावर फूटपाथ दाबून बसतो आणि खडीच्या फटींतून मुळंही वाढतात. आपल्याकडे खडी आहे, माती आहे, गवंडीही आहेत.

चालणाऱ्याचा हक्क इथं दुय्यम नाही. लॉस एंजेलिसमध्ये अपंग नागरिकांनी फूटपाथवरून दावा लावला आणि २०१६ च्या तडजोडीत शहरानं ३० वर्षांत सुमारे १४० कोटी डॉलर खर्चायचं कबूल केलं. तिथले बरेच फूटपाथ मुळांनीच उचललेले होते. आपल्याकडेही ठेच लागून पडणारा माणूस तक्रार करतो, आणि त्या तक्रारीचा निपटारा आठवड्यात दाखवावा लागतो. मूळ हातानं उघडं करायला एका झाडाला दोन माणसांचा अख्खा दिवस जातो. कुऱ्हाडीला दहा मिनिटं लागतात, आणि नव्या ब्लॉकचं बिल दोन्ही वेळेला तेवढंच निघतं.