उंच प्रवेशदालन आणि बंद झरोके

नागपुरात अलीकडे बांधल्या गेलेल्या अनेक डुप्लेक्स घरांत दारातून आत येताच दोन मजल्यांइतकी उंच मोकळी जागा, तिच्या कडेने चढणारा जिना आणि वरच्या भिंतीत बसवलेली मोठी काच असा थाट दिसतो. खाली कूलर जोरात चालू असतानाही वरच्या खोल्या तापलेल्याच राहतात, अशी तक्रार नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की हमखास ऐकू येते आणि तिचे खापर छताच्या उंचीवर फोडले जाते. या शहराला उंच छत नवे नाही. वरच्या गरम हवेला वाट न ठेवणे मात्र नवे आहे.

महाल या जुन्या वस्तीतील भोसलेकालीन वाड्यांत देवडीच्या मागे उघडा चौक असे. रात्री आकाशाखाली निवलेली हवा त्या चौकात उतरून बसे आणि जाड भिंतींमुळे तो गारवा दुपारपर्यंत थोडाफार टिके. साध्या घरांवरील कवेलूंच्या, म्हणजे कौलांच्या, फटींतून गरम हवा आपोआप निसटत असे. पावसात त्याच फटी गळत, ही गोष्ट वेगळी. १८६१ साली नागपूर मध्य प्रांताची राजधानी झाले. पुढे सिव्हिल लाइन्समध्ये उभ्या राहिलेल्या बंगल्यांनी उंच छत घेतले, पण छताजवळ दोरीने उघडता येणारी रोशनदानेही ठेवली आणि दारांना वाळ्याच्या ताट्या लावून त्यांवर पाणी शिंपडण्याची सोय केली. आजचा कूलर त्या ताट्यांचाच वंशज आहे.

यामागचे शास्त्र फारसे अवघड नाही. ४५ अंशांची हवा ३० अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ५ टक्के हलकी असते, त्यामुळे ती वर चढते आणि चढण जितकी उंच तितका ओढा अधिक. तथापि हा ओढा घर बाहेरपेक्षा गरम असतानाच वरच्या दिशेने चालतो. मे महिन्यातील दुपारी घर बाहेरपेक्षा थंड असते. तेव्हा वर आणि खाली दोन्हीकडे उघडे ठेवले तर आतील थंड, जड हवा खालच्या दारातून निघून जाते आणि वरच्या खिडकीतून झळा आत ओढल्या जातात. म्हणून कूलर बंद असेल तर वरचे झरोके दिवसा मिटून सूर्यास्तानंतर उघडायचे, हा जुना रिवाज बरोबर होता.

कूलरचा हिशोब याहून निराळा आहे. बाहेर ४५ अंश आणि आर्द्रता १५ टक्क्यांच्या आसपास असेल, तर चांगल्या ताट्यांचा कूलर साधारण ३० अंशांची हवा देऊ शकतो. पण तो जेवढी हवा आत ढकलतो तेवढी बाहेर गेली नाही, तर आर्द्रता साचून त्याचा गारवा संपतो. जिन्यावरचे एखादे तावदान उघडे असले की हीच हवा खालून वर सरकत जाते आणि वाटेत वरच्या खोल्यांनाही तिचा लाभ होतो. काच कायमची बंद असली, की स्लॅबखाली तापलेला थर तिथेच अडकतो, आणि झुंबराशेजारी आखूड दांड्यावर लावलेला पंखा तोच थर ढवळत बसतो. एसी लावणाऱ्यांची अडचण उलटी असते: थंड हवा जिन्यावरून खाली घरंगळते, खालचा दिवाणखाना गारठतो आणि वरचे यंत्र थांबायचे नाव घेत नाही. अशा घरात जिन्याच्या माथ्यावर दार किंवा जाड पडदा लागतोच, मग तो शोभेला कितीही बाधक वाटो.

केंद्र सरकारने २०१८ साली आणलेल्या, घरांच्या ऊर्जाबचतीसाठीच्या इको निवास संहितेने या प्रश्नाचा एक भाग नियमात बसवला. नागपूर ज्या संमिश्र हवामानाच्या विभागात मोडते, त्यासाठी उघडता येणाऱ्या खिडक्या-झरोक्यांचे क्षेत्र चटई क्षेत्राच्या किमान १२.५ टक्के असावे, असे ती सांगते. कायम बंद काच या मोजणीत धरली जात नाही. ही संहिता ५०० चौरस मीटर, म्हणजे सुमारे ५,४०० चौरस फूट किंवा त्याहून मोठ्या भूखंडांसाठी आहे. बेसा आणि मनीषनगरच्या बाजूला दीड-दोन हजार फुटांच्या प्लॉटवर उभी राहिलेली डुप्लेक्स घरे तिच्या कक्षेबाहेर राहतात, आणि तिथे वरची काच उघडती ठेवायची की नाही हे नकाशा काढणारा आणि घरमालक यांच्यातच ठरते.