क्लास-बेस्ड व्ह्यूंची नावे (जँगो)

जँगो या पायथनमधल्या वेब फ्रेमवर्कमध्ये ब्राउझरकडून आलेली मागणी घेऊन तिला उत्तर देणाऱ्या कोडला व्ह्यू म्हणतात. व्ह्यू साधे फंक्शन असू शकतो किंवा क्लास. क्लास म्हणून लिहिलेल्या व्ह्यूला काय नाव द्यावे, याची सक्ती जँगो करत नाही. त्यामुळे अधिकृत डॉक्युमेंटेशनमधल्या उदाहरणांत जी नावे दिसतात, तीच लोकांच्या कोडमध्ये उतरतात. या उदाहरणांना बरीच वर्षे एक वळण नव्हते. काही पानांवर नावाच्या शेवटी 'व्ह्यू' हा शब्द असे, काहींवर नसे. पुढच्या आवृत्त्यांत बहुतेक उदाहरणे 'व्ह्यू'ने संपणाऱ्या नावांवर आणली गेली.

मूळ नावे रोमन लिपीत सलग लिहितात आणि त्यातल्या प्रत्येक शब्दाचे पहिले अक्षर मोठे असते. देवनागरीत ती सोय नाही, म्हणून या नोंदीत शब्दांमध्ये जोडरेघ दिली आहे.

पार्श्वभूमी

जँगोचे काम अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड या वृत्तपत्रात सुरू झाले. एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन यांनी २००३ मध्ये हाती घेतलेला हा कोड जुलै २००५ मध्ये सर्वांसाठी खुला झाला. वृत्तपत्राच्या साइटची पाने ठरलेल्या साच्यांची असतात: नोंदींची यादी, एका नोंदीचे पान, वर्षवार-महिनावार संग्रह. हे साचे फ्रेमवर्कमध्येच तयार मिळत आणि त्यांना जेनेरिक व्ह्यू म्हणत. सुरुवातीला ती फंक्शन्स होती. यादीसाठी 'ऑब्जेक्ट लिस्ट', एका नोंदीसाठी 'ऑब्जेक्ट डिटेल'. यूआरएलच्या फाइलमध्ये फंक्शनचे नाव आणि सोबत एक डिक्शनरी दिली की काम भागे. स्वतःचे नाव सुचवण्याची वेळ सहसा येत नसे. डिक्शनरीत मावणार नाही असा बदल हवा असला, की मात्र त्या फंक्शनभोवती आपले फंक्शन गुंडाळावे लागे.

मार्च २०११ मध्ये आलेल्या १.३ आवृत्तीने हे साचे क्लासच्या रूपात दिले: लिस्ट-व्ह्यू, डिटेल-व्ह्यू, क्रिएट-व्ह्यू, अपडेट-व्ह्यू, डिलीट-व्ह्यू, टेम्प्लेट-व्ह्यू आणि तारखांवर चालणारे बरेच. जुनी फंक्शन्स फेब्रुवारी २०१३ मधल्या १.५ मध्ये काढून टाकली. आता साच्यात फेरफार करायचा म्हणजे त्याच्यापासून आपला क्लास काढायचा, म्हणजे त्याचे गुण घेणारा नवा क्लास लिहायचा, आणि क्लास काढला की त्याला नाव द्यावेच लागते. नामकरणाचा प्रश्न सुरू होतो तो इथे.

नाव फ्रेमवर्क कुठे वाचते

जवळजवळ कुठेच नाही. 'ऑथर' या मॉडेलची (डेटाबेसमधल्या एका प्रकारच्या नोंदींचे वर्णन करणाऱ्या क्लासची) यादी दाखवणारा व्ह्यू टेम्प्लेट, म्हणजे पानाच्या आराखड्याची फाइल, शोधतो तो 'ऑथर अंडरस्कोर लिस्ट' या नावाने. त्यातला पहिला भाग मॉडेलच्या नावातून येतो आणि दुसरा मूळ साच्यात ठरवलेल्या प्रत्ययातून. नोंद पुसण्याआधी विचारणाऱ्या पानाचे टेम्प्लेट 'कन्फर्म डिलीट' या प्रत्ययाने संपते, तेही असेच. टेम्प्लेटच्या आत यादी ज्या नावाने मिळते, ते नावही मॉडेलवरूनच पडते. यूआरएलला नाव द्यायचे असेल तर ते वेगळे लिहावे लागते. डॉक्युमेंटेशनमध्ये तर लेखक जोडणाऱ्या क्लासच्या नावात 'क्रिएट' आहे आणि त्याच्या यूआरएलच्या नावात 'ॲड'. दोन्ही नावांचा एकमेकांशी संबंध नाही, म्हणून ते खपून जाते.

क्लासचे नाव ठळकपणे पुढे येते ते काही बिघडल्यावर. लिस्ट-व्ह्यूपासून क्लास काढला आणि त्याला मॉडेल सांगायचे राहून गेले, तर जँगो 'इम्प्रॉपर्ली-कॉन्फिगर्ड' ही चूक उठवते. त्या संदेशाचा आशय असा: अमुक क्लासला क्वेरीसेट (डेटाबेसमधून आणायच्या नोंदींचा संच) नाही, अमुकचे मॉडेल सांगा, अमुकचा क्वेरीसेट सांगा, नाहीतर अमुकचे 'गेट क्वेरीसेट' नव्याने लिहा. एवढ्याशा संदेशात क्लासचे नाव चार वेळा छापले जाते. ते 'ऑथर-लिस्ट' असेल, तर हे मॉडेल आहे, पायथनची लिस्ट आहे की व्ह्यू, हे संदेश वाचताना क्षणभर उमजत नाही. जँगोवर मुरलेल्या माणसाला फरक पडत नाही, पण तो संदेश बहुतेक वेळा नवशिक्याच्याच वाट्याला येतो.

पायथनची लेखनशैली सांगणारे पेप ८ क्लासच्या नावाचे रूप ठरवते, म्हणजे प्रत्येक शब्दाचे पहिले अक्षर मोठे. अपवाद दर्शवणारा क्लास खरोखर एखादी चूक दर्शवत असेल तर त्याच्या नावाच्या शेवटी 'एरर' लावा, असेही त्यात म्हटले आहे. व्ह्यूसाठी असा नियम नाही, आणि असण्याचे कारणही नाही, कारण व्ह्यू ही पायथनची कल्पनाच नव्हे.

उदाहरणांतली दोन वळणे

डॉक्युमेंटेशन अनेकांनी, अनेक वर्षांत, तुकड्या-तुकड्याने लिहिलेले आहे आणि ते नावांवरून कळे. २.२ आवृत्तीच्या पानांवर जेनेरिक व्ह्यूंची ओळख करून देणाऱ्या प्रकरणात 'पब्लिशर-लिस्ट', 'पब्लिशर-डिटेल', 'बुक-लिस्ट' अशी नावे होती. त्याच प्रकरणात थोडे खाली 'ऑथर-डिटेल-व्ह्यू' येई. शेजारच्या पानावर पुस्तकांच्याच यादीचा क्लास 'बुक-लिस्ट-व्ह्यू' होता. फॉर्मच्या प्रकरणात 'ऑथर-क्रिएट', 'ऑथर-अपडेट', 'ऑथर-डिलीट' असे तीन. याउलट तारखेवार संग्रहांच्या पानांवर 'आर्टिकल-इयर-आर्काइव्ह-व्ह्यू'सारखी पूर्ण नावे आधीपासूनच होती.

हे सगळे क्लास चालत होते, त्यामुळे कुणाचे काम अडले नाही. अडचण वाचणाऱ्याची होती. शिकणाऱ्या माणसाला उदाहरणातला कोणता शब्द जँगोचा आणि कोणता लिहिणाऱ्याने आपल्या मनाने ठेवलेला, हे आधी ठरवावे लागते. एका पानावर नावाला 'व्ह्यू'चे शेपूट आहे आणि पुढच्यावर नाही, असे दिसले की तो त्यात अर्थ शोधू लागतो. 'व्ह्यू' लावलेला क्लास वेगळ्या जातीचा आहे का? लावला नाही तर काही बंद पडेल का? उत्तर 'नाही' असेच आहे, पण ते डॉक्युमेंटेशनमध्ये कुठे लिहिलेले नसते. प्रस्तुत नोंदकाराच्या मते एकसारख्या नावांची गरज मुख्यतः यासाठी आहे. दिसायला नीटनेटके ही त्यानंतरची गोष्ट.

लेखकाच्या पानाचे उदाहरण

मिक्सिनच्या, म्हणजे दुसऱ्या क्लासमध्ये मिसळायच्या छोट्या क्लासच्या, प्रकरणात एक उदाहरण आहे आणि नावांचा गुंता तिथे सर्वांत जास्त होता. एकाच यूआरएलवर लेखकाची माहिती दाखवायची आणि त्याच पानावर एक फॉर्म ठेवायचा. पान नुसते उघडले, म्हणजे गेटने मागणी आली, तर माहिती दाखवायची. फॉर्म भरून पोस्टने मागणी आली तर तो तपासायचा. दोन्ही कामे एकाच क्लासमध्ये कोंबली तर फॉर्मचा मिक्सिन आणि डिटेल-व्ह्यू एकमेकांच्या पायांत येतात. म्हणून डॉक्युमेंटेशन दोन वेगळे क्लास करायला सांगते. त्यांच्यावर एक तिसरा असतो, जो मागणी पाहून ती दोघांपैकी एकाकडे सोपवतो.

जुन्या पानावर माहिती दाखवणारा क्लास होता 'ऑथर-डिस्प्ले', फॉर्म सांभाळणारा 'ऑथर-इंटरेस्ट' आणि वरचा सोपवणारा 'ऑथर-डिटेल'. यातली मेख अशी, की 'ऑथर-डिटेल' हा डिटेल-व्ह्यूपासून काढलेलाच नव्हता. तो साध्या व्ह्यूपासून काढलेला होता. डिटेल-व्ह्यूपासून निघालेला होता तो 'ऑथर-डिस्प्ले'. नाव एकाचे आणि वंश दुसऱ्याचा. त्यातून 'ऑथर-इंटरेस्ट' हे नाव तर एखाद्या मॉडेललाच शोभले असते.

नव्या पानावर माहिती दाखवणारा झाला 'ऑथर-डिटेल-व्ह्यू', फॉर्मचा 'ऑथर-इंटरेस्ट-फॉर्म-व्ह्यू' आणि वरचा नुसता 'ऑथर-व्ह्यू'. प्रत्येक नावातून 'ऑथर' आणि 'इंटरेस्ट' वगळले की मागे त्याच्या मूळ साच्याचे नाव उरते: डिटेल-व्ह्यू, फॉर्म-व्ह्यू, व्ह्यू. कोडची एकही ओळ न वाचता कोण कुणापासून आला हे समजते. नुसते 'व्ह्यू' चिकटवून इथे भागले नसते; नावे मुळातून बदलावी लागली. शेवटी मूळ साच्याचे नाव जसेच्या तसे ठेवणे आणि पुढे मॉडेलचे नाव लावणे हे सूत्र त्यातून हाती येते. तेच फॉर्मच्या प्रकरणातल्या 'ऑथर-क्रिएट-व्ह्यू'लाही लागू पडते.

ट्युटोरियलचा अपवाद

जँगो शिकणारा बहुतेक जण ज्या ट्युटोरियलमधून जातो, त्यातल्या मतदानाच्या 'पोल्स' ॲपमध्ये मात्र हे सूत्र नाही. चौथ्या भागात तीन क्लास आहेत: 'इंडेक्स-व्ह्यू', 'डिटेल-व्ह्यू' आणि 'रिझल्ट्स-व्ह्यू'. मधल्याचे नाव जँगोच्या साच्याचेच आहे, शब्दशः. गोंधळ होऊ नये म्हणून तिथे साचा थेट इम्पोर्ट केलेला नाही. 'जेनेरिक' हे मॉड्यूल आणून 'जेनेरिक डॉट डिटेल-व्ह्यू' असे लिहिले आहे.

ही खबरदारी सोडून कुणी साचा थेट इम्पोर्ट केला, तर पायथन कुरकुर करत नाही. 'डिटेल-व्ह्यू' नावाचा क्लास 'डिटेल-व्ह्यू'पासून काढता येतो, कारण क्लास तयार होताना उजवीकडचे नाव जुन्यालाच दाखवत असते. पण त्या ओळीनंतर ते नाव आपल्या क्लासचे होऊन बसते. खालचा 'रिझल्ट्स-व्ह्यू' मग जँगोच्या साच्यापासून न निघता आपल्या 'डिटेल-व्ह्यू'पासून निघतो आणि त्याच्या सगळ्या मेथड्स (क्लासच्या आतली फंक्शन्स) घेऊन येतो. पाचव्या भागात 'डिटेल-व्ह्यू'ला एक 'गेट क्वेरीसेट' लिहिले जाते, म्हणजे पुढच्या तारखेचे प्रश्न लपून राहावेत. थेट इम्पोर्ट केलेल्या कोडमध्ये ती मेथड निकालाच्या पानालाही गुपचूप लागू होते. गंमत म्हणजे, निकालाच्या पानालाही तशीच मेथड लिहायला हवी असे ट्युटोरियल स्वतःच सुचवते. कोड बरोबर चालतो, पण का चालतो हे फाइल वाचून कळत नाही. 'क्वेश्चन-डिटेल-व्ह्यू' असे नाव असते तर हा प्रसंगच आला नसता.

शेपटाच्या विरोधात

'व्ह्यू' हा शब्द नावात नकोच, असे म्हणणारेही आहेत आणि त्यांचा मुद्दा पोकळ नाही. क्लास 'व्ह्यूज' नावाच्या फाइलमध्ये असतो आणि यूआरएलमध्ये जोडताना 'ॲज व्ह्यू' ही मेथड बोलवावी लागते. त्यामुळे 'व्ह्यूज डॉट ऑथर-लिस्ट-व्ह्यू डॉट ॲज व्ह्यू' अशा एका ओळीत तोच शब्द तीन वेळा येतो. फाइलचे नाव सोबत लिहायची सवय असेल तर शेपूट खरोखरच जास्तीचे. पण डॉक्युमेंटेशनमधली उदाहरणे बरेचदा क्लास नावानिशी इम्पोर्ट करतात. तिथे फाइलचे नाव मागे राहते आणि यूआरएलच्या यादीत नुसते 'ऑथर-लिस्ट' उरते. शिवाय जँगोच्या प्रकल्पात एका मॉडेलभोवती बरेच क्लास जमतात. 'ऑथर-फॉर्म' आणि 'ऑथर-ॲडमिन' यांनी आपले शेपूट केव्हाच मिरवायला घेतले आहे. व्ह्यूनेच लाजण्याचे काही कारण दिसत नाही.

बदलाची किंमत

उदाहरणातले नाव बदलणे आणि फ्रेमवर्कमधले नाव बदलणे यांत मोठा फरक आहे. लॉगिनचे जुने फंक्शन जाऊन 'लॉगिन-व्ह्यू' हा क्लास एप्रिल २०१७ मधल्या १.११ मध्ये आला. जुने फंक्शन लगेच काढता आले नाही. ते वापरणाऱ्यांना इशारे देत देत ऑगस्ट २०१८ मधल्या २.१ मध्ये ते गेले. 'ऑथर-क्रिएट'चे 'ऑथर-क्रिएट-व्ह्यू' झाल्याने कुणाचाही कोड मोडत नाही, कारण ते नाव जँगोमध्ये नव्हतेच.

तरी काम एका ओळीचे नसते. तोच क्लास पुढच्या उदाहरणात इम्पोर्ट केलेला असतो, यूआरएलच्या फाइलमध्ये असतो, मधल्या परिच्छेदांत नावाने उल्लेखलेला असतो. एक जागा सुटली तर वाचणाऱ्याला अस्तित्वात नसलेला क्लास इम्पोर्ट करायला सांगितल्यासारखे होते, आणि हे जुन्या विसंगतीपेक्षा वाईट. जुन्या आवृत्त्यांची पानेही इंटरनेटवर तशीच असतात. शोधातून तिथे पोचणाऱ्याला जुनी नावेच भेटतात.

इतर फ्रेमवर्कमध्ये

रूबी ऑन रेल्समध्ये हा वाद होऊ शकत नाही. यूआरएलच्या नोंदीतल्या 'ऑथर्स' या शब्दावरून ते 'ऑथर्स-कंट्रोलर' हाच क्लास शोधते. 'कंट्रोलर' हे शेपूट नसेल तर पानच उघडणार नाही. फ्लास्कमध्ये 'ॲज व्ह्यू'ला पहिला घटक म्हणून नाव द्यावेच लागते आणि यूआरएल बांधताना तेच वापरले जाते. क्लासचे नाव तिथेही मोकळे राहते.

जँगोवर उभारलेल्या जँगो रेस्ट फ्रेमवर्कने क्लासच्या नावाला थोडे काम दिले आहे. ब्राउझरमध्ये एपीआय (प्रोग्रामांनी एकमेकांशी बोलायची सोय) उघडून पाहता येते त्या पानाचे शीर्षक ते क्लासच्या नावावरून बनवते. आधी शेवटचा 'व्ह्यू' किंवा 'व्ह्यू-सेट' काढते आणि उरलेल्या शब्दांत जागा सोडते. म्हणून 'स्निपेट-लिस्ट' आणि 'स्निपेट-लिस्ट-व्ह्यू' या दोन्हींचे शीर्षक एकच येते. 'स्निपेट-लिस्ट-एपीआय-व्ह्यू' असे नाव ठेवले तर मात्र 'व्ह्यू' तेवढा गळतो आणि 'एपीआय' शीर्षकात राहतो.