खरूज : गोव्यातील वनौषधी

खरूज हा सार्कोप्टिस स्कॅबिआय या सूक्ष्म किडीमुळे होणारा सांसर्गिक त्वचारोग आहे. सुमारे ०.३ ते ०.४ मिमी. लांबीची मादी त्वचेच्या वरच्या थरात बीळ करून रोज दोन-तीन अंडी घालते. बोटांच्या बेचक्यांत आणि मनगटांवर पुरळ उठते व रात्री खाज वाढते. १६८७ मध्ये बोनोमो व चेस्तोनी यांनी या रोगाचे कारण कीड असल्याचे दाखवले. आयुर्वेदातील पामा व कच्छू म्हणजे बहुधा हाच रोग होय. कच्छू ढुंगण, हात व पाय यांवर होते, हे सुश्रुताचे वर्णन खरजेशी अधिक जुळते.

गोव्यातील औषधींपैकी सर्वांत वादाचा विषय खष्टेल, म्हणजे कडू कवठीच्या बियांचे तेल, हा आहे. सुश्रुतसंहितेत (आजचे स्वरूप बहुधा इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतील) कुष्ठावर तुवरक हे औषध सांगितले असून त्याचे वृक्ष ‘पश्चिमार्णवभूमिषु’, म्हणजे पश्चिम समुद्राच्या प्रदेशात, होतात असे म्हटले आहे. लाटांवरून येणाऱ्या वाऱ्याने त्यांची पालवी हलते या वर्णनामुळे आणि नामसाम्यामुळे खाडीकाठच्या तिवराकडे लक्ष जाते. परंतु पावसाळ्याच्या आरंभी पिकलेली फळे घेऊन त्यांतील मगज वाळवावा, कुटावा आणि तिळाप्रमाणे त्याचे तेल काढावे, ही कृती तिवराच्या फळाला लागू पडत नाही. ती सह्याद्रीतील हिड्नोकार्पस पेंटँड्रस, म्हणजेच कडू कवठ, या वृक्षाला लागू पडते. त्यामुळे तुवरक म्हणजे कडू कवठ हेच मत अधिक ग्राह्य वाटते. ईशान्येकडील चौलमोगऱ्याशी मात्र त्याची गल्लत करू नये. चौलमोगऱ्याचे तेल दीर्घकाळ गायनोकार्डिया ओडोराटा या झाडाचे समजले जाई. ते वेगळ्या वृक्षाचे असल्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ प्रेन यांनी १९०१ च्या सुमारास दाखवले. १९०४ च्या सुमारास रसायनशास्त्रज्ञ पॉवर व त्यांचे सहकारी यांनी या तेलातून चौलमोगरिक आम्ल वेगळे केले. या संशोधनाचा रोख महारोगावर होता, खरजेवर नव्हे. म्हणून त्याचे निष्कर्ष खरजेला परस्पर लावणे योग्य नाही.

घरगुती वापरात करंजेल, म्हणजे करंजाचे तेल, अधिक सुलभ आहे, कारण करंज खाडीकाठी व समुद्रकिनारी सहज वाढतो. कडुनिंब कोरड्या हवेत अधिक फोफावणारा असल्याने गोव्यात घाटावरील देशाइतका मुबलक नाही; तरीही १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यांच्या संवादग्रंथात त्याची दखल आहे. कडुनिंबाचा पाला व हळद यांच्या लेपाचा १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्राथमिक अभ्यास ८१४ रुग्णांवर झाला. त्यात ९७ टक्के रुग्ण ३ ते १५ दिवसांत बरे झाल्याचे नोंदवले आहे. अभ्यास प्राथमिक असल्याने हा आकडा जपून वापरावा.

पावसाळ्यात भाजी म्हणून खाल्ला जाणारा तायकिळो (टाकळा) अनेकदा याच यादीत घातला जातो. मात्र त्याचे ‘दद्रुघ्न’ हे संस्कृत नाव गजकर्णाशी निगडित आहे आणि गजकर्ण बुरशीने होते. लोकव्यवहारात दोन्ही रोगांना एकच औषध लावले जाते, त्यातून हा घोळ झालेला दिसतो.

ही तेले बाह्योपचारासाठीच आहेत. कडुनिंबाचे तेल पोटात गेल्यास लहान मुलांना विषबाधा होते. आधुनिक उपचारांत ५ टक्के परमेथ्रिनचे मलम किंवा आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या देतात, आणि घरातील सर्वांनी एकाच वेळी उपचार घ्यावे लागतात.