कोस्टा रिका : सैन्य मोडीत, रेल्वे गहाण

नोव्हेंबर १९८३ मध्ये राष्ट्राध्यक्ष लुइस आल्बेर्तो मोन्खे यांनी कोस्टा रिकाची कायमस्वरूपी, निःशस्त्र तटस्थता जाहीर केली. शेजारच्या निकाराग्वात यादवी पेटली होती आणि १९४८ सालीच सैन्य मोडीत काढलेल्या या देशाला त्या आगीपासून दूर राहायचं होतं. इच्छा प्रामाणिक होती. पण १९८१ मध्येच परदेशी कर्जाचे हप्ते थकले होते आणि तिजोरीला टेकू होता तो अमेरिकी मदतीचा.

या परावलंबनाचं मूळ शंभर वर्षं मागे सापडतं. कॉफी युरोपला धाडायची तर कॅरिबियन किनाऱ्यावरच्या लिमोन बंदरापर्यंत रेल्वे हवी होती. त्यासाठी सरकारने लंडनमध्ये कर्ज काढलं आणि त्यातच ते रुतलं. १८८४ मध्ये मायनर कीथ या अमेरिकी कंत्राटदाराशी करार झाला. कर्जाची तडजोड आणि उरलेला मार्ग त्याने पुरा करायचा. बदल्यात ९९ वर्षं रेल्वे त्याच्याकडे, वर ८ लाख एकर जमीन. म्हणजे देशाचा सहा टक्क्यांहून जास्त भाग!

दलदलीत, तापाने हजारो मजूर मेले. १८९० मध्ये गाडी राजधानी सान होसेला पोचली, पण तिला पुरेसा माल मिळेना. कीथने रुळांकडेला लावलेली केळीच मग खरा धंदा ठरली आणि १८९९ मध्ये त्यातून युनायटेड फ्रूट कंपनी उभी राहिली. मळे, रेल्वे, बोटी, सगळं एकाच हातात. रावेरच्या केळी उत्पादकाला हे समजावून सांगावं लागणार नाही : कापलेला घड थांबत नाही, त्यामुळे वाहतूक ज्याची, भाव त्याचा.

१९३४ मध्ये सुमारे दहा हजार मजुरांनी संप केला. तोवर मर रोगाने लिमोनकडचे मळे खचले होते आणि कंपनी पॅसिफिक किनाऱ्याकडे वळत होती. त्याच वर्षीच्या करारात तिकडे काळ्या मजुरांना कामावर घ्यायला बंदी घातली गेली. ज्यांच्या बापजाद्यांनी जमैकाहून येऊन ते रूळ टाकले, त्यांनाच. या सगळ्या इतिहासात मला हेच कलम सर्वांत जिव्हारी लागतं.

१९८०च्या दशकात अमेरिकेकडून एक अब्ज डॉलरहून अधिक मदत आली. तटस्थता जाहीर झालेल्या याच भूमीवर, सान्ता एलेनात, निकाराग्वाच्या सरकारविरुद्ध अमेरिकेच्या पाठबळावर लढणाऱ्या काँट्रा बंडखोरांसाठी गुप्त धावपट्टी तयार झाली. १९८६ मध्ये नवे राष्ट्राध्यक्ष ओस्कार आरियास यांनी ती बंद पाडली आणि पुढच्या वर्षी शांतता योजना मांडली. मदतीचे हप्ते रखडले, तरी ते मागे हटले नाहीत.

नंतर केळ्यांच्या जोडीला इंटेलच्या चिप आल्या. २०१४ मध्ये कंपनीने जुळणीचं काम आशियात हलवायचं ठरवलं, सुमारे १५०० नोकऱ्या गेल्या. २०२० मध्ये ते परत आणायचं ठरलं. दोन्ही निर्णय कॅलिफोर्नियातल्या मुख्यालयाचे होते.